नावं सुरू झाली की दिवे

गावातल्या एकुलत्या एका थिएटरचा ऑपरेटर अठ्ठावीस वर्षं एक नियम पाळत आला होता. पिक्चर संपून पडद्यावर नावं चढू लागली की प्रोजेक्टर बंद आणि हॉलचे दिवे चालू. रिळांच्या काळात त्याच्या उस्तादांनी शिकवलं होतं, की नावं वाचायला कोणी तिकीट काढत नाही. शिवाय झाडूवाल्या बाईंना दोन खेळांमध्ये पंधराच मिनिटं मिळत. पुढे मशीन बदललं, नियम तोच राहिला.

मग सुपरहिरोंचं पेव फुटलं. एकाच्या पिक्चरमध्ये दुसरा डोकावायचा, दुसऱ्याच्या लग्नात तिसरा मारामारी करून जायचा. मोठ्या खटल्यात नव्या सुनेला कोण कुणाचा चुलता ते उमगत नाही, तशी प्रेक्षकांची गत. खेळ सुटला की मंडळी समोरच्या चहाच्या टपरीवर ऑपरेटरला गाठायची. आठवड्यात अठ्ठावीस वेळा पिक्चर चालवणारा माणूस, त्याचा शब्द शेवटचा.

पाचव्या भागात वादळवीर मेला, पुरलासुद्धा. सातव्यात गडी ताठ मानेने चालत आला. टपरीवर गोंधळ माजला. ऑपरेटरने शांतपणे निकाल दिला: जुळा भाऊ.

टेलरमास्तर म्हणाले, तो मेलाच नव्हता. त्यांची लेक परगावी नोकरीला. दर रविवारी बापलेक आपापल्या गावात एकच पिक्चर बघत आणि मग तासभर फोनवर त्याचा कीस पाडत. पाचव्या भागात नावं संपल्यावर त्याने डोळे उघडले, असं तिने सांगितलं होतं.

"मास्तर, पिक्चर मी चालवतो की तुमची लेक?" ऑपरेटर म्हणाला. "पोरगी फिरकी घेतेय तुमची."

टपरी खो खो हसली. त्या दिवसापासून जो तो दुकानात डोकावून विचारू लागला, मेलेल्याची पँट झाली का शिवून. मास्तर थिएटरला यायचे बंद झाले. मास्तरांकडे घरचे पडदे शिवायला टाकून आलेल्या ऑपरेटरच्या बायकोने त्याला सांगितलं, की मास्तरांनी लेकीला 'बापाचं हसं करतेस' म्हणून फाडफाड बोलून घेतलंय, आणि रविवारचा फोन थांबलाय. ऑपरेटरने वर्तमानपत्र जरा वर धरलं.

आठव्या भागाच्या दुपारच्या खेळाला दिव्यांचं बटण जळालं. प्रोजेक्टरही बंद केला तर काळोखात लोक पायऱ्यांवरून गडगडतील, म्हणून त्याने पिक्चर चालू ठेवला. नावं सरकत राहिली, थेट ड्रायव्हर आणि आचाऱ्यांपर्यंत. सात मिनिटं. आणि मग पडदा पुन्हा उजळला. वादळवीर कुणाला तरी सांगत होता, की पुरल्यावर मातीखाली आपण डोळे कसे उघडले.

केबिनमध्ये ऑपरेटर एकटाच होता, तरी त्याचे कान तापले. अठ्ठावीस वर्षं शेवटाच्या अलीकडेच शेवट करणारा माणूस, आणि टपरीवर तोच पंडित.

दुसऱ्या दिवशी तो दुकानावरून दोनदा पुढे गेला, तिसऱ्यांदा आत शिरला. मास्तरांनी सवयीने टेप उचलली. पँटचं माप द्यावं आणि निघावं, असं त्याला एक क्षण वाटलंही.

"मास्तर, तुमची लेक खरं बोलत होती. पुढचं मीच कापायचो. बघितलं नव्हतं मी, तरी छातीठोकपणे बोललो."

मास्तरांनी टेप गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. चिडले असते तर ऑपरेटरला सोपं गेलं असतं. त्यांनी फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

"मी तिला नको ते बोललोय. माझ्याच्याने बोलवत नाही. तुम्ही सांगा."

ऑपरेटरने सांगितलं. दिवे, नावं, झाडूवाल्या बाई, सगळं. मधेच त्याच्या लक्षात आलं की आपण बाईंवर ढकलतोय, तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, नाही, मीच. पलीकडून लेकीने विचारलं, "मग काका, बाकीच्या भागांत नावांनंतर काय होतं?"

"माहीत नाही गं," तो मान खाली घालून म्हणाला. "मी तोवर चहाला गेलेलो असायचो."

ती हसली, आणि ते हसू त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं. "बाबांना द्या," ती म्हणाली.

मास्तरांनी फोन घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. बराच वेळ ते नुसतं "हं" म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, "बरं, पहिल्यापासून सांग. पहिल्या भागात काय झालं?"

ऑपरेटर दाराशी उभा होता. त्यालाही ऐकायचं होतं, पण थांबायचं तोंड नव्हतं. तो चपला हातात घेऊन पायरी उतरला.