परवानगीशिवाय रायपूर सोडायचं नाही

लग्नानंतर वर्ध्याच्या स्टेशनवर मला निरोप द्यायला आलेले बाबा खिडकीशी उभं राहून एवढंच म्हणाले, "रायपूर काही दूर नाही, बाई. वाटलं का बस गाडीत अन् ये."

वाटलं तेव्हा मी गेलेही. रेवा झाल्यावर तिला मांडीवर घेऊन गेले. मग संसार मोडला. शंकर नगरचं सासर सोडून मी रेवासोबत रायपुरातल्याच तात्यापारा वस्तीत दोन खोल्यांत आले, शाळेत शिकवू लागले. कुटुंब न्यायालयाचा आदेश आला: मुलीचा ताबा आईकडे. बापानं महिन्यातून दोन शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत तिला भेटावं, आईनं तिला वेळेवर आणावं. दोघांनीही तिच्यापुढे एकमेकांबद्दल वाईट बोलू नये. आणि परवानगीशिवाय तिला रायपूरबाहेर राहायला नेऊ नये.

रेवाचा बाप यायचा. रेवाला जवळ ओढून सेल्फी काढायचा, लगेच स्टेटसला टाकायचा, खाली 'माय प्रिन्सेस'. मग मोबाइलमध्ये डोकं. मध्येच आवाज खाली आणून विचारायचा, "मम्मी के पास कौन-कौन आता है, बेटा?"

घरी येऊन रेवा मला विचारायची, "पप्पा असं काहून विचारतात?" बापाबद्दल वाईट बोलायचं नाही, म्हणून मी म्हणायची, "सहज विचारलं असेल." हे बोलताना मला किळस यायची. त्याच्या भेटीसाठी तिची वेणी घालतानाही यायची. एकदा भेटीच्या शनिवारी ती तापानं फणफणली, म्हणून नेलं नाही. मी आधी कळवलं होतं, तरी मी आदेश मोडला असा अर्ज त्यानं केला. ताप खरा होता का हे विचारायला त्यानं फोन केला; उतरला का, हे त्यानं कधीच विचारलं नाही.

अशात बाबांना लकवा मारला. आई फोनवर रडायची, "पोरीले घेऊन इकडं ये ना. काहून तिथं पडून राहिली?" बाबांची काळजी खरी होती, आणि मला आलेला रायपूरचा वीटही तेवढाच खरा होता. मी कोर्टाकडे वर्ध्याला राहायला जायची परवानगी मागितली.

त्यानं विरोध केला. न्यायाधीश बाईंसमोर रुमाल डोळ्यांना लावला. "बेटी के बिना मैं कैसे जिऊँगा, मैडम?"

बाईंनी आधी रेवाशी एकटीशी बोलून घेतलं. मग आम्हाला आत बोलावलं. रेवा दाराशीच उभी होती.

"ठीक है," त्या त्याला म्हणाल्या. "बच्ची वर्धा गई, तो गर्मी की पूरी छुट्टी और आधी दिवाली आपके पास रहेगी. आपका भी हक है."

त्याचा रुमाल खाली आला.

"इतने दिन, मैडम? घर में सँभालेगा कौन? मेरा तो टूर रहता है. शनिवार वाला ही ठीक है."

बाईंनी त्याचं म्हणणं लिहून घेतलं. मग त्यांनी मला परवानगी दिली. मी दाराकडे पाहिलं. रेवानं सगळं ऐकलं होतं.

ऑटोत ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. म्हणाली, "मम्मी, आपण काहून जायचं? मेरा स्कूल यहाँ है, मेरी फ्रेंड्स यहाँ हैं. पप्पांमुळे आपण काहून पळायचं?"

रात्री आईला फोन करून म्हटलं, तुम्हीच इकडे या.

आई-बाबा आले; घरमालकांनी त्यांना खालची खोली दिली. बाबांची जीभ अजून जड आहे. रेवा शेजारी बसून त्यांच्याकडून एकेक शब्द म्हणवून घेते. आई भाजीवालीला 'हो'च्या जागी छत्तीसगढी 'हव' म्हणायला शिकली. शनिवार चालूच आहेत. मी रेवाला वेळेवर नेते, बाहेर बाकावर बसते. आपण त्याच्याजवळ किती वेळ बसणार, हे आता रेवाच त्याला सांगते.

वर्ध्याचे तुम्ही सगळे नातेवाईक अजून मला विचारता, घरी कधी येणार? वर्धा माझं माहेर आहे, सणाला येईन. पण जायची परवानगी हातात असताना मी इथे राहिले, तेव्हापासून घर म्हटलं की मला तात्यापारा आठवतो. किळस मात्र गेलेली नाही. पूर्वी ती अख्ख्या रायपूरची यायची. आता त्या एका माणसापुरती उरली आहे.