ताईकडे माता आली

मुनिरकातल्या आमच्या घरमालकिणीला सगळी गल्ली ताई म्हणायची. दिल्लीच्या आसपासच्या गावांत ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. हे मला उशिरा कळलं. तोपर्यंत काठी टेकत चालणाऱ्या, दुपारी खाटेवर बसून हुक्का ओढणाऱ्या सत्तरीच्या बाईला ताई म्हणायला माझी जीभ वळत नसे. मी नाशिकची. आमच्याकडे ताई म्हणजे फार तर पस्तिशीची, आणि तीही हुक्का न ओढणारी.

त्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघी एका खोलीत राहत होतो. दोघीही स्पर्धा परीक्षांच्या नादाने दिल्लीत आलेल्या. माझं पूर्वपरीक्षेतच घोडं अडलं होतं. माझी मैत्रीण लातूर जिल्ह्यातली, शिक्षिकेची मुलगी. ती मुख्य परीक्षाही पास झाली होती आणि मार्चअखेरीस तिची मुलाखत होती. तिचा तो शेवटचा प्रयत्न होता. वयाने नव्हे, घरच्या ऐपतीने. त्यामुळे तोपर्यंत कसलंही लचांड नको, खोली बदलायला नको, भांडण नको, असं आमचं ठरलं होतं. ताईशी भांडण म्हणजे खोली गेलीच. आदल्या वर्षी समोरच्या खोलीतल्या मुलीने इंडक्शनवर ऑम्लेट केलं, तर संध्याकाळी तिची बॅग जिन्यात होती.

खोली देताना ताईने जात विचारली होती. मैत्रीण तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हणाले, "महाराष्ट्र से हैं." ताई समाधानाने म्हणाली, "मरहट्टे." दिल्लीत महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस मराठा असतो, त्यामुळे विषय तिथेच मिटला. मैत्रीण मात्र वर आल्यावर चिडली होती. "माझं उत्तर तू का दिलंस?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, यार, खोली मिळाली ना.

मग होळी आली. आमच्याकडे नाशिकला रंग पंचमीला खेळतात, दिल्लीत होळीच्या दुसऱ्याच दिवशी. गल्लीतल्या पोरांचा आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आठवडाभर आधीपासून गच्चीवरून पाण्याचे फुगे यायचे. रंगाच्या दिवशी आम्ही दार लावून वर्तमानपत्रं वाचत बसलो. तरी मैत्रीण दूध आणायला खाली उतरली आणि हिरवी होऊन वर आली. दोन दिवसांनी तिच्या मानेवर पुरळ उठलं. रंगाची अ‍ॅलर्जी म्हणून तिने कसलंसं मलम चोपडलं आणि ती चालू घडामोडींकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मी अभ्यासिकेत असताना ताईचा फोन आला. ताई फोनवर नेहमीच हाळी दिल्यासारखं बोलायची. "तेरी सहेली के माता आ री सै. आती बखत तली-भुनी चीज मत ल्याइयो." एवढं सांगून तिने फोन ठेवला.

मला वाटलं, हिची आई आली. लातूरहून, न कळवता! मुलीला धीर द्यायला आली असणार. आईला तळलेलं चालत नसेल, पथ्य असेल, हे ताईला बरं आल्या आल्या कळलं, याचंही कौतुक वाटलं. मी संत्री घेतली, पाव किलो पेढे घेतले, आणि बाईमाणूस पहिल्यांदाच दिल्लीला आलंय म्हणून बेर सरायच्या कोपऱ्यावरून एक झेंडूचा गजराही घेतला. तीन मजले चढून वर आले तर दाराला कडुनिंबाची डहाळी खोचलेली आणि आत मैत्रीण एकटीच भिंतीकडे तोंड करून झोपलेली. तिने वळून पाहिलं. चेहरा, गळा, हात, सगळीकडे पाण्याने भरलेले फोड.

"आई कुठाय?" मी विचारलं.

"कोणाची आई?"

मग उलगडा झाला. आपण नाही का देवी आल्या म्हणत, तशी यांच्याकडे माता येते. साध्या मराठीत, हिला कांजिण्या झाल्या होत्या. ती एवढी हसली की ओठाचा फोड फुटला. मग रडली. मुलाखतीला तीन आठवडेही उरले नव्हते. पेढे मीच खाल्ले.

मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या, म्हणून मी खोलीत राहू शकले. मला भीती होती ती ताईची. तिच्या घरात दोन लहान नातवंडं होती आणि संसर्गाचं नाव काढून तिने आम्हाला बाहेर काढलं असतं तर कुणी तिला नावं ठेवली नसती. पण झालं उलटंच. आलेल्या मातेला घालवून देणं म्हणजे महापाप, असा ताईचा हिशेब होता. ऑम्लेटसाठी बॅग बाहेर ठेवणारी बाई आता रोज सकाळी ताजी डहाळी दाराला खोचू लागली. डब्यात फोडणी असते म्हणून तिने आमचा डबा बंद केला आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातून बिनफोडणीची खिचडी पाठवायला सुरुवात केली. सगळ्या घराला फोडणीची बंदी झाली. तिची सून जिन्यात भेटली की माझ्याकडे असं बघायची की कांजिण्या जणू मीच स्टेशनवरून घेऊन आले. खोलीत ताई येत नसे. उंबऱ्याबाहेरूनच ताट आत सरकवायची, आणि रिकामं ताट मी खाली नेऊन द्यायचे.

मैत्रीण हे सगळं सहन करत होती. ती बौद्ध. तिच्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, त्याला आता दोन पिढ्या झाल्या होत्या. "विषाणू आहे, देवीबिवी काही नाही," असं ती दाराकडे बघून मराठीत पुटपुटायची आणि डॉक्टरने दिलेल्या गोळ्या घ्यायची. ताईला गोळ्या दिसायच्या. मातेच्या दिवसांत औषध चालत नाही म्हणे, पण ती काही बोलली नाही. दोघींचं आपापल्या जागी बरं चाललं होतं. मला वाटलं, निभावलं.

होळीनंतर आठवड्याने बासोडा आला. हा शीतला मातेचा दिवस. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, त्या दिवशी घरात विस्तव पेटवायचा नाही, देवीला शिळ्याचा नैवेद्य दाखवायचा आणि सगळ्यांनी तेच खायचं. देवीला थंडावा लागतो. एरवी ताई आटोपशीर करत असेल, पण त्या वर्षी माता साक्षात घरात मुक्कामाला. आदल्या दिवशी नैवेद्यापुरती बंदी उठली आणि खालून गुळाचा, बाजरीचा, तेलाचा वास रात्रीपर्यंत येत होता. सकाळी ताई डोक्यावर नवी ओढणी घेऊन वर आली. थाळीत गूळभात, गुलगुले म्हणजे गुळाचे तळलेले गोळे, पुऱ्या, सगळं रात्रभर निवलेलं, आणि एका वाटीत दही. तिने दारातल्या डहाळीला हात जोडले, थाळीतलं थोडं तिथे ठेवलं आणि थाळी उंबऱ्यावरून आत सरकवली. "बासोड़ा सै. माता का परसाद. खा ले बेटी."

मैत्रिणीने थाळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "नहीं खाऊँगी, ताई."

मी मराठीत म्हटलं, "अगं, दोन घास खा ना. देवीचं नको तर नको, गोड भात समजून खा. आमच्याकडेही श्रावणात शिळासप्तमी असते, आई गॅस पुसून त्याची पूजा करते आणि सगळे शिळं खातो. सण असतो तो."

"तुमच्याकडे वर्षातून एक दिवस सण असतो," ती म्हणाली. "आमच्याकडे रोज होता."

मला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले. ती उठून बसली. तोंडातही फोड आले होते, त्यामुळे एकेक शब्द सावकाश येत होता. ती सरळ ताईकडे बघून हिंदीत बोलली. तिच्या पणजीला गावातले लोक शिळे तुकडे द्यायचे, असेच, दारातून, उंबऱ्यावरून. पणजी पदर पसरून उभी राहायची. नंतर घराने धर्म बदलला, तेव्हा तिच्या आजीने ठरवलं की काही झालं तरी या घरात कोणी शिळं खाणार नाही. "आप ने प्यार से दिया है, मालूम है. पर मुझसे नहीं होगा."

ताई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. शिळे तुकडे कोणाला आणि कुठून देतात, हे मला उशिरा समजलं. तिला लगेच समजलं. तिने देताना पाहिलं असणार, कदाचित दिलेही असतील.

"कौण जात सो थम?" तिने विचारलं.

या वेळी मी गप्प बसले. मैत्रिणीने सांगितलं. पूर्वीची जात सांगितली, आताचा धर्म सांगितला. ताईला जातीचं नाव ओळखीचं नसावं, पण अर्थ पोचला. तिने वाकून थाळी उचलली आणि काठी टेकत जिना उतरून गेली.

मैत्रीण पलंगावरून उतरली आणि पुस्तकं एका पिशवीत भरू लागली. अंगात ताप, तोंडावर खपल्या, अशा अवस्थेत तिला दिल्लीत कोण खोली देणार होतं? मला तिचा राग आला. दोन घास, कोण बघत होतं! मुलाखत झाल्यावर हवं तेवढं बाणेदार व्हायचं होतं की. मी दिल्लीतच द्वारकाला राहणाऱ्या एका लांबच्या आत्याचा नंबर शोधू लागले, जिला मी वर्षभर मुद्दाम फोन केला नव्हता.

तेवढ्यात खाली कुकरची शिट्टी झाली.

बासोड्याच्या दिवशी त्या गल्लीत कुकरची शिट्टी म्हणजे काय, हे लगेच ऐकू आलं. सून ओरडली, "अम्मा! आज?" शेजारच्या घरातूनही कोणीतरी काहीतरी विचारलं. दुसरी शिट्टी झाली. मैत्रीण हातात पुस्तक घेऊन तशीच उभी होती.

ताई वर आली ती धापा टाकत. काठी आणली नव्हती, कारण दोन्ही हातांत थाळी होती, आणि थाळीतल्या मऊ खिचडीतून वाफ येत होती. आधी तिने दारातल्या डहाळीपुढे मान झुकवली आणि शेजारणीला सांगावं तसं सांगितलं, "छोरी का दोष कोनी, माता. गैस मन्नै जळाई सै." पोरीचा दोष नाही, गॅस मी पेटवला. मग थाळी पुढे केली. "ताती सै. खा ले." गरम आहे, खा.

मला भरून आलं. तिच्या घरात दोन लहान नातवंडं होती, आणि ज्या देवीच्या कोपाला ती जन्मभर भ्यायली, तिच्याच दिवशी तिने विस्तव पेटवला होता. मैत्रिणीने थाळी घेतली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती खाऊ लागली.

"थाळी अपणे धोरै राख लिए," ताई म्हणाली. थाळी तुझ्याकडेच ठेव.

इतके दिवस थाळ्या रोज खाली जात होत्या. मैत्रिणीचा हात थांबला. तिने मान वर करून विचारलं, "क्यों, ताई?"

मुलाखतीची तयारी करणारं माणूस असा प्रश्न विचारतं. मी असते तर विचारला नसता. रोगासाठी, असं ताई म्हणू शकली असती, आणि आम्हाला ते मानावं लागलं असतं. बक्षीस म्हणूनही चाललं असतं.

"मन्नै बेरा कोनी," ती शेवटी म्हणाली. मला माहीत नाही. मग तिने ओढणी सावरली, उंबरा ओलांडून आत आली आणि माझ्या खुर्चीवर बसली. मैत्रीण जेवेपर्यंत ती भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होती. जेवण झाल्यावर तिने रिकामी थाळी उचलली आणि स्वतः खाली घेऊन गेली. थोड्या वेळाने नळावर भांडी घासल्याचा आवाज आला. वेगळी घासली की बाकीच्या भांड्यांत, ते वरून कळत नव्हतं.

खपल्या पडल्या. मुलाखतीला ती त्याच खोलीतून गेली. नातवंडांना काही झालं नाही. मैत्रीण आता अधिकारी आहे आणि मी गुडगावात नोकरी करते. कामासाठी दिल्लीत आली की ती माझ्याकडे उतरते, आणि एकदा तरी आमचा त्या थाळीवरून वाद होतो. मी म्हणते, वेगळीच घासली असणार, जन्माची सवय एका खिचडीने जात नाही. ती ताईची बाजू घेते. तिने बाजू घ्यावी याचं मला नवल वाटतं, आणि मागच्या खेपेला मी तसं बोलूनही दाखवलं.

"घासू दे की वेगळी," ती म्हणाली. "तू मला एवढंच सांग, शिळासप्तमीला तुझ्या आईने माझ्यासाठी गॅस पेटवला असता?"

आई अजून शिळासप्तमी पाळते. रोज रात्री आमचा फोन होतो, भाजी कुठली केली इथपर्यंत सगळं बोलणं होतं. हे मी तिला अजून विचारलेलं नाही.