किनवट नावाचा देश

लातुरातल्या आपल्या खुर्चीवरून न उठता सगळी पृथ्वी फिरून आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमचे घरमालक डॉक्टर. खाली त्यांचा दवाखाना, मागं त्यांचं बिऱ्हाड आणि वर माडीवरच्या भाड्याच्या खोलीत मी. झांजिबारच्या बंदरावर संध्याकाळी वारा कुठून येतो हे डॉक्टरांना ठाऊक होतं, काठमांडूत पाणी किती वेळ उकळावं हे ठाऊक होतं, आफ्रिकेतल्या कोणत्या नदीच्या काठाला काळी माशी चावते तेही ठाऊक होतं. मात्र औशाची बस स्टँडवर कुठं लागते हे त्यांना मला विचारावं लागे. रोग हाच त्यांचा भूगोल होता. लोक नकाशातले देश रंगांवरून ओळखतात, डॉक्टर डासांवरून ओळखत. पण ते सांगू लागले की त्यात भीती नावालाही नसायची. डोळे अर्धवट मिटायचे, आवाज खाली यायचा, आणि "तिथं सूर्य बुडाला की पाच मिनिटांत डास निघतात, सर," एवढंच ते अशा काही सुरात म्हणायचे की आपणही बाह्या खाली ओढून त्या किनाऱ्यावर जाऊन बसावं असं वाटे.

ते मला 'सर' म्हणत, कारण त्या दिवसांत लातुरात जो शिकवी तो सर होता आणि जवळजवळ सगळेच शिकवीत होते. दर तिसऱ्या दारावर क्लासची पाटी, दर दुसऱ्या घरात बारावीची बाहेरगावची मुलं. मी एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचो. डॉक्टरांचं आणि माझं जमलं ते त्यामुळंच.

या सगळ्याचं मूळ मात्र भूकंपात होतं. भूकंप झाला त्या पहाटे डॉक्टर एका नातेवाइकाकडं नांदेडला होते. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, घरी एकट्या होत्या, त्यांना काही झालं नाही, घरालाही एक चीर सोडली तर काही झालं नाही. पण औशाच्या पलीकडं ज्या दोन गावांत डॉक्टर दर शुक्रवारी दवाखाना चालवायला जात, ती गावं राहिली नाहीत. डॉक्टर तिथं पोचले ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवसाबद्दल ते फक्त दोन शब्द बोलत, "मी नव्हतो." त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी लातूरच्या बाहेर एकही रात्र काढली नाही. दिवसा कुठंही जायचे, पण दिवेलागणीला घरी.

मदतीला परदेशी डॉक्टरांची पथकं आली तेव्हा त्यांचं बोलणं गावकऱ्यांना आणि गावकऱ्यांचं त्यांना समजावून द्यायला डॉक्टर रोज जाऊ लागले. त्यांत एक वयस्कर बाई होत्या. त्यांच्या पिशवीत एक जाड पुस्तक असायचं आणि त्यात जगातल्या प्रत्येक देशाचं पान होतं: इथं जाणार असाल तर कोणती लस टोचा, काय पिऊ नका, कोणत्या गोळ्या जवळ ठेवा. दुपारच्या जेवणाच्या वेळी बाई पत्र्याच्या शेडमध्ये पाय पसरून बसत आणि डॉक्टर त्यांच्या पुस्तकातून एकेका देशाला जाऊन येत. निघताना बाईंनी ते पुस्तक त्यांनाच देऊन टाकलं. आजूबाजूला सगळं मोडून पडलेलं असताना एका माणसाला जग पहिल्यांदा इतकं मोठं दिसावं, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढं मी राहायला आलो, आणि तिसऱ्याच दिवशी डॉक्टर ते पुस्तक घेऊन जिना चढून वर आले. "सर, हे सगळं तुमच्या मशीनमध्ये बसंल का?" मी 'बसेल' म्हणालो, आणि तिथून माझे रविवार संपले. क्लासनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी दवाखान्यात आणून बसवला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून प्रश्न इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहायचे. त्यामुळं 'ताप' आणि 'टाप' यांत काही फरक राहिला नाही. प्रवासाला निघालेला माणूस समोर बसला की मशीन विचारणार: कुठं जाणार, किती दिवस, वय काय, आधीची दुखणी कोणती; आणि शेवटी प्रिंटर करवतीसारखा आवाज करत सल्ल्याचे कागद बाहेर टाकणार. डॉक्टरांना एवढ्यावर समाधान नव्हतं. दर रविवारी ते नवे प्रश्न घेऊन येत. झोपणार कुठं? खिडकीला जाळी आहे का? पाणी विहिरीचं का नळाचं? एकदा त्यांनी कागदावर लिहून आणलं, 'सकाळी दार उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसणार?'

मी म्हणालो, "डॉक्टर, हा प्रश्न वैद्यकीय आहे का?"

त्यांनी कागद माझ्याकडं आणखी सरकवला. "आपण जाणार ती जागा माणसाला डोळ्यांपुढं दिसलीच न्हाई, तर तो काळजी कशाची घेईल?" मी तो प्रश्न घातला.

लोक यायचे, हेही खरं. लातुरातून जगात जाणारी माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच असतात. बोअरच्या मशीनवर काम करायला आफ्रिकेत निघालेले ड्रायव्हर, आखातात चाललेले गवंडी, हजला जाणारी म्हातारी जोडपी. उदगीरचे एक किराणा व्यापारी मुलाकडं अमेरिकेला चालले होते. साधी रक्तदाबाची गोळी लिहून घ्यायला आले आणि डॉक्टरांनी त्यांना दीड तास बसवून घेतलं. विमानात दर तासाला उठून चालायचं, पाय कसे हलवायचे, हे डॉक्टरांनी दवाखान्यातल्या बाकांमधून स्वतः चालून दाखवलं. हातात अकरा पानं पडली तेव्हा व्यापाऱ्यांनी कपाळाचं भस्म पुसलं जाईल इतका घाम टिपला आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, मग जावं का न जावं?" हजला निघालेल्या एका आजींना डॉक्टर तिथलं ऊन, तिथली गर्दी, अनवाणी पायाला बसणारे चटके असं सांगत राहिले. आजी हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "डाक्टर साब, तुम कब होके आए वहाँ?" डॉक्टर लाजले. "मैं कहीं नहीं गया, अम्मा." आजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्यासाठीही दुआ मागीन म्हणाल्या. त्या दिवशी डॉक्टरांनी दुपारचा चहा दोनदा मागितला आणि दोन्ही वेळा प्यायला विसरले.

काकू या सगळ्याकडं स्वयंपाकघराच्या दारातून बघत. "आमच्यांचं एक पाऊल दवाखान्यात असतं आणि एक टिंबक्टूत," त्या मला म्हणायच्या. "मधी मी उभी."

असे दिवस चालले असताना, एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर, शेजारच्या गल्लीतल्या मुलींच्या वसतिगृहातून एका मुलीला रिक्षात घालून आणलं. बारावीची होती. तीन दिवस ताप येत-जात होता. क्लासच्या बाई सोबत होत्या. त्यांनी सांगितलं, दुसरीकडं दाखवलं आहे, सलाईन लावून झालं, परीक्षेचं टेन्शन आहे असं तिथले डॉक्टर म्हणाले. "चाचणीत मार्क कमी पडले हिला," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून अंथरुणातच आहे." मुलगी डोळे मिटून पडली होती. काही विचारलं तर उत्तर उशिरा आणि अर्धं यायचं.

डॉक्टरांनी तपासलं आणि सवयीनं विचारलं, "बाळ, सुट्टीत कुठं गेली होतीस?"

"घरी."

"घर कुठं?"

"किनवट." मग थोडं थांबून, "किनवटच्या आत. जंगलात."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. दुपारची वेळ होती, प्रिंटरची फीत बदलायला मी खाली आलो होतो. ते मशीनपाशी गेले आणि एका बोटानं तिचं नाव घातलं, वय घातलं, किती दिवस त्यात सुट्टीचे बारा घातले, आणि देशाच्या जागी 'किनवट' लिहिलं. पडद्यावर अक्षरं उमटली: असा देश नाही.

ते वाक्य मीच लिहिलं होतं. माणसानं चुकीचं नाव घातलं तर मशीन अडून बसू नये म्हणून. डॉक्टर त्या हिरव्या अक्षरांपुढं उभे राहिले, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी न पाहिलेलं काहीतरी पाहिलं. जगभरच्या डासांची त्यांनी नोंद केली होती, आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या जंगलाची केली नव्हती.

"सर," ते हळू म्हणाले, "हिला इथं येऊन किती दिवस झाले? तेरा, चौदा? बारा दिवस जंगलात झोपलेली पोर आहे. ही आफ्रिकेतून आली असती तर मी रक्त बघितल्याशिवाय हलू दिलं असतं का हिला?"

त्यांनी तिथंच तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, काच माझ्या हातात दिली आणि कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये पळवलं. लॅबवाल्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तो बराच वेळ वर बघेना. मलेरिया निघाला, आणि तोही डोक्यात चढणारा. पुढच्या अर्ध्या तासात डॉक्टरांनी मुलीला मोठ्या दवाखान्यात नेलं, क्विनीन सुरू करायला लावलं आणि तिच्या खाटेजवळ स्टूल टाकून बसले. घरी जा म्हणून तिथल्या लोकांनी सांगितलं, काकूंनी डबा पाठवून सांगितलं. "मी इथंच आहे," एवढंच त्यांचं उत्तर. तिसऱ्या दिवशी मुलीनं डोळे नीट उघडले आणि आपलं रसायनशास्त्राचं पुस्तक कुठं आहे असं विचारलं. क्लासच्या बाई रडल्या. डॉक्टर घरी आले, अंघोळ केली आणि ओल्या केसांनी मशीनपुढं बसले. त्या रविवारी आम्ही देशांच्या यादीत किनवट घातलं, केनियाच्या खाली.

मुलीचे वडील आश्रमशाळेत स्वयंपाकी होते. परीक्षा झाल्यावर तिला न्यायला आले तेव्हा दवाखान्यात आले आणि हात जोडून उभेच राहिले. "डॉक्टरसाहेब, पोरगी आता बराबर जेवून राहिली. तुमी एकडाव आमच्याकडं यायाच पाहिजे."

डॉक्टरांनी विचारलं, "संध्याकाळी परत येता येतं का?"

"न्हाई जी. लई दूर हाय."

डॉक्टर 'बघू' म्हणाले, आणि त्यांचं 'बघू' म्हणजे काय ते मला माहीत होतं. पण काकू दारातून पुढं आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना दवाखान्यात येऊन बोलताना पाहिलं नव्हतं. "त्या पहाटे तुम्ही हिथं असता," त्या शांतपणे म्हणाल्या, "तर काय त्या गावांच्या भिंती धरून ठेवल्या असत्या?" मग त्या पाहुण्यांकडं वळल्या. "मी पण येते. म्हणजे मागं काळजी करायला कोणी राहायचं न्हाई."

जायचं ठरलं. डॉक्टरांनी स्वतःचं नाव मशीनमध्ये घातलं, देश किनवट, दिवस एक. प्रिंटरनं मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे सदरे आणि उकळलेलं पाणी असं बजावून सांगितलं. काकूंनी कागद वाचला आणि विचारलं, "जंगलात चाललोय का ऑपरेशन थेटरात?" आम्ही तिघं भाड्याच्या जीपनं निघालो.

चैत्र होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या घरी मी उठलो तर डॉक्टरांची मच्छरदाणी रिकामी. ते बाहेर मोहाच्या झाडाखाली बसले होते. फुलं पडत होती, एकेक, आवाज न करता, आणि ती मुलगी आणि तिची आई टोपल्यांत वेचत होत्या. हवेला गोड, जड वास होता. डॉक्टरांच्या मांडीवर चार फुलं पडली होती आणि ती झटकू नयेत म्हणून ते हलत नव्हते. पूर्ण बाह्यांचा सदरा त्यांनी कोपरापर्यंत वर सरकवला होता. पुस्तकात या जागेचं पान नव्हतं, त्यामुळं त्यांना आधीपासून काहीच ठाऊक नव्हतं. ते नुसते बघत होते. वडील चहा घेऊन आले. डॉक्टरांनी कप हातात घेतला आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, "अजून एक दिवस राहिलो, तर चालंल का तुम्हाला?"

आम्ही तीन दिवस राहिलो.

डॉक्टर आता नाहीत. पुढं आठ-दहा वर्षं ते लोकांना जगात पाठवत राहिले, स्वतः पुन्हा कुठं गेले नाहीत. तो प्रोग्रॅम आजच्या कुठल्याच मशीनवर चालत नाही. मला मात्र तो परतीचा रस्ता आठवतो. काकू पुढं ड्रायव्हरशेजारी, मागं डॉक्टर आणि मी. जंगल सरलं, शेतं लागली, आणि डॉक्टरांचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर आलं. त्यांना नीट बसवावं म्हणून मी हात पुढं केला, तेव्हा काकू मागं वळल्या. "राहू द्या, सर," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "भूकंप झाल्यापासून असे झोपले न्हाईत."

ड्रायव्हरनं वेग कमी केला. हदगाव गेलं. पुढं अर्धापूर आलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू झाल्या. ते माझं गाव. तिथं उतरायचं, आईला भेटायचं आणि दुसऱ्या दिवशी लातूरला जायचं असं मी ड्रायव्हरला सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी नुसती नकाराची मान हलवली, आणि खांदा जरासुद्धा न हलवता आमची गल्ली मागं जाताना बघत राहिलो.