भट्टीपुढची पिवळी रेघ

मला पोलाद तोडण्याचा पगार मिळतो. लोकांना सांगितलं की हसतात. हसोत बापडे. बॉयलर आणि रिफायनरीतल्या मोठाल्या टाक्या ज्या मिश्र पोलादाच्या प्लेटींपासून बनतात, त्या प्लेटींचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेत येतो. तो किती ओझं सोसतो, किती ताणला जातो, कधी तुटतो, हे आम्ही लिहून देतो. गार तुकडा ताणून तोडायचं काम चहा निवायच्या आत उरकतं. पण गार असताना काय हो, सगळंच पोलाद वाघ असतं. या टाक्यांना जन्मभर तापायचं असतं, आतला दाब सोसत. त्याची परीक्षा भट्टीत.

बोटाएवढा नमुना भट्टीत उभा टांगायचा, तरफेच्या लांब टोकाला वजनं लावायची आणि वाट बघायची. महिने, कधी वर्षं. सर नव्या माणसाला हे एकाच पद्धतीनं समजावत. "ओझं वाढत नाही. उष्णता वाढत नाही. तरी हा केसाकेसानं लांबतो. पुष्कळ दिवस वाटतं, छे, काहीच होत नाहीये. मग एकदा वेग धरतो. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी तो मागे फिरत नाही."

सर म्हणजे प्रयोगशाळेचे मालक. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या दोन गाळ्यांत त्यांनी हे उभं केलं. मी कॉलेजातून निघाले ती थेट त्यांच्या हाताखाली, आता माझे केस पिकले. मला ते 'अहो बाई' म्हणत, चिडले की नुसतंच 'बाई'. भट्ट्यांच्या रांगेपुढे त्यांनी स्वतःच्या हातानं पिवळी रेघ मारली होती. रेघेपलीकडे फक्त ते आणि मी. एकदा एका कंपनीच्या साहेबांनी कौतुकानं तरफेला बोट लावलं, तर सर म्हणाले, "आपण देवळात गेल्यावर मूर्तीलाही असंच ढोसून बघता का?" ते साहेब पुन्हा काही आले नाहीत. सरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

खंडेनवमीला बाकीची सगळी यंत्रं बंद ठेवून आम्ही पूजा करायचो. भट्ट्या मात्र बंद करता येत नाहीत, आणि चालत्या तरफेवर फूल ठेवलं तरी ते ओझंच. म्हणून भट्ट्यांचं हळदकुंकू रेघेवर, जमिनीवर. हा आमच्याकडचा रिवाज, सरांनीच घातलेला.

मागल्या वर्षी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. आवाज दबका. "अहो, यांनी आज सकाळी मंडईतून तीनदा कोथिंबीर आणली. तिसऱ्यांदा आणली तेव्हा म्हणाले, घरात कोथिंबीर नाही वाटतं. तुम्ही दिवसभर त्यांच्याबरोबर असता. तुम्हीच सांगा, डॉक्टरांकडे न्यायचं का?"

मला रागच आला. काकूंचा नव्हे, कशाचा ते ठाऊक नाही. मी म्हणाले, "काकू, कोथिंबीर कोण लक्षात ठेवतं? मला भट्टीपुढे त्यांची एक चूक दाखवा, मग बघू." काकू म्हणाल्या, "तसं झालं तर सांगाल ना मला?" मी म्हटलं, सांगेन.

खोटं कशाला बोलू, मलाही दिसत होतं. तीच गोष्ट पुन्हा विचारायचे. एका ग्राहकाला त्याच्या वडिलांच्या नावानं हाक मारली. पण शेवटच्या भट्टीपुढे उभे राहिले की जुने सर परत यायचे. त्या भट्टीत क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या एका नव्या प्लेटीचा नमुना दोन वर्षांहून जास्त काळ टांगलेला होता. एवढं लांबलचक काम आमच्याकडे आता तेवढं एकच उरलं होतं. सर रोज सकाळी चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या वाढत्या लांबीचा आलेख बघायचे आणि म्हणायचे, "छान. सरळ चाललाय." मी त्या आलेखाकडे कमी आणि सरांकडेच जास्त बघायची. म्हणायची, हे दोघं सरळ चाललेत तोवर मी कुणाचं काही ऐकणार नाही.

खंडेनवमीला झेंडू आणि नारळ मीच मंडईतून आणले. पूजा झाली, पेढे वाटले. सर म्हणाले, "जा सगळे घरी, कुलूप मी लावतो." दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मीच येऊन दार उघडलं.

शेवटच्या भट्टीच्या वजनांवर नारळ होता. कुंकवाचं स्वस्तिक काढलेला, शेंडी वर. घरंगळू नये म्हणून त्याच्याखाली चौघडी घातलेला पांढरा हातरुमाल. काकू सरांचे रुमाल तशीच चौघडी घालून इस्त्री करतात.

लांब टोकाचं अर्धा किलो आत नमुन्यावर कित्येक पटींनी पडतं. आलेखाची सरळ रेषा नवमीच्या दुपारी वाकली होती आणि वर निघाली होती. दोन वर्षांची परीक्षा बाद. हे सगळं मला एका दमात कळलं, आणि खरं सांगते, त्याचं मला काहीच वाटलं नाही. मला त्या रुमालाचंच रडू येत होतं. किती जपून ठेवला होता हो तो नारळ! ज्या माणसानं फुलालाही बंदी केली, तो नारळ घेऊन स्वतःची रेघ ओलांडून गेला, मनोभावे नमस्कार करून आला, आणि आपण काय केलं हे त्याला माहीत नाही.

नारळ उतरवला, रुमाल पर्समध्ये टाकला. तेवढ्यात सर आले. चष्मा कपाळावर गेला. आलेखावर बोट फिरवत ते वाकलेल्या जागी थांबले.

"वजन वाढलंय. बाहेरचं काहीतरी ठेवलं होतं इथं. कोण गाढव होता तो?"

मी म्हणाले, "मी, सर. नारळ ठेवला होता."

ते माझ्याकडे वळले. मग जे बोलले! "बाई, इतकी वर्षं तुम्ही इथं काय भाजी निवडत होतात? तरफ म्हणजे काय, सांगा मला. सांगा! देवाला डोकं आहे, त्याला रेघेवरचं हळदकुंकू पोचतं. तुम्हाला आहे का?" एक शब्द चुकला नाही, एक आकडा चुकला नाही. वाढलेल्या ओझ्याचा हिशेब तोंडी करून दाखवला. मी मान खाली घालून उभी होते आणि मनात म्हणत होते, बोला सर, अजून बोला, थांबू नका.

ते थांबले. दुपारी चहाला येऊन विचारलं, "अहो बाई, शेवटचा नमुना कसा चाललाय?"

संध्याकाळी मी काकूंना फोन केला. नारळाचं सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि ठेवला.

घडलं ते मी नमुना पाठवणाऱ्या कंपनीला कळवलं. त्यांनी काम काढून घेतलं, नमुनाही मागवला. भट्टी निववली, नमुना उतरवला, न तुटलेला. तुटला नाही म्हणून निकालही नाही. डॉक्टरांनी काकूंना जे सांगितलं त्यात औषधं होती, आशा नव्हती. गाळे विकायला काढलेत. तोवर काकू सरांना रोज रिक्षानं पाठवतात, घरी ते घाबरेघुबरे होतात म्हणून.

सुरुवातीला ते नमुन्याचं विचारायचे, आणि मी खरं सांगायची. मग तोच धक्का, तीच बोलणी, दर वेळी नव्यानं. पण बोलणीही हळूहळू विरत गेली. शेवटी तर ते नुसते मटकन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गेला का?" त्यानंतर मी खरं सांगणं सोडलं.

आजही आले. गार भट्टीपुढे उभे राहिले, आत काही नाही, तरफेला वजन नाही. बुटांची टोकं पिवळ्या रेघेच्या बरोबर अलीकडे. आता ते रेघ कधीच ओलांडत नाहीत.

"चाललाय ना?"

"चाललाय, सर."

"सांभाळा हं, अहो बाई. कुणाला हात लावू देऊ नका."