सुगंधाबाईचा भारा

सुगंधाबाईच्या तारुण्यातली सगळ्यात गोड आठवण लग्नाची नव्हे, जंगल सत्याग्रहाची होती. इंग्रजांनी राखीव केलेल्या जंगलात पार्टीचे गुणवंतराव झेंडा घेऊन पुढं, अन् मागं गाणी म्हणत अख्खं गाव. तिथलं मूठभर गवत कापणंही गुन्हा होता. पोलीस आले की हात जोडून भाऱ्यावर बसायचं अन् गात राहायचं, हे गुणवंतरावांनीच शिकवलेलं. तेव्हा ज्या विळ्यानं गवत कापलं, तो विळा तिनं पुढं कुठल्याच कामाला लावला नाही. दसऱ्याला तेवढी त्याला हळद लावायची.

सत्तावनच्या निवडणुकीत त्याच पार्टीचे उमेदवार म्हणून गुणवंतराव गावात येणार, हे कळल्यावर हाराऐवजी तिला एकच भेट सुचली. तोच विळा घेऊन ती जंगलात गेली आणि गवताचा भारा डोक्यावर घेऊन हसत परतली. वेशीवरच फॉरेस्ट गार्डनं तिला अडवलं. तेवढ्यात गुणवंतरावांची जीप येऊन थांबली.

"सुगंधाबाई, आता असं करू नये," ते खाली न उतरताच म्हणाले. "आता राज्य आपलं, कायदा आपला."

"इंग्रजायचा होता तवा जुलमी म्हणून तोडाले लावला," बाई कडाडली. "आपला झाला तं तसाच्या तसा ठेवला काऊन, भाऊ?"

तिनं भारा जीपच्या पुढ्यात टाकला, हात जोडून त्यावर बसली आणि तेच जुनं गाणं म्हणू लागली. गुणवंतरावांचे ओठ सवयीनं हलले, आणि लगेच मिटले.