पेडलवरचा पाय

भुताखेताच्या गोष्टी मी आयुष्यात कधी मानल्या नाहीत, आणि आज अठ्ठ्याहत्तरी गाठल्यावरही मानत नाही. मी मेकॅनिक माणूस. गाडी बिघडते त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर मेकॅनिक कच्चा असतो — एवढंच माझं तत्त्वज्ञान. या ग्रुपवर लोक चिंचेखालच्या बायकांबद्दल लिहितात तेव्हा मला हसू येतं. राग मानू नका, पण येतं. तरीही हे लिहितोय, कारण एका गोष्टीपुढे मीच कच्चा ठरलोय…

दुष्काळाची वर्षं होती, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. नगरला लागून भिंगार, आणि भिंगारमधून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी आणि युनूसनं भागीत गॅरेज टाकलेलं. पत्र्याची शेड आणि खाली उतरून काम करायला एक खड्डा. युनूस माझा शाळेपासूनचा दोस्त. हाताला चांगला, पण तोंडाला बूच नाही. मला ‘दत्तूशेठ’ म्हणायचा, कारण मला सगळं येतं असं मला वाटायचं. (वाटायचं कसलं, येतच होतं!)

लष्करी छावणीतल्या एका कॅप्टनसाहेबांकडे विलायती स्पोर्ट्स कार होती. लाल, दोन सीटची, इतकी बुटकी की शेजारून बैलगाडी गेली तर बैल वरून वाकून बघायचा. तिचे ब्रेक कमजोर झाले होते. पेडल दाबलं की पाय लोण्यात रुतल्यासारखा आत जायचा. दोन-चारदा पंप केलं की जरा कडक, मग पुन्हा तेच. आता असं मऊ पेडल म्हणजे बहुतेक वेळा ब्रेकच्या ऑइलमध्ये हवा शिरलेली असते, नाहीतर मास्टर सिलिंडरचं रबर गेलेलं असतं. मी रबर बदललं, चारही चाकांची एअर काढली, शुक्रवारी सकाळी छावणीत एक चक्कर मारली. पेडल झकास! साहेबांच्या ऑर्डर्लीला निरोप दिला — गाडी ओके, तीन वाजता न्या.

साहेब बाईसाहेबांना बाळंतपणासाठी माहेरी, पाथर्डीला सोडायला निघणार होते. सातवा महिना होता. वाटेत करंजीचा घाट उतरायचा. त्या दिवसांत घाटात रस्त्याच्या दोन्ही कडांना दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसलेली असायची, पोराबाळांसकट.

साडेबाराला गाडी शेडमध्ये हलवताना मी सहज पेडल दाबलं… पाय सरळ आत.

साहेबांना लगेच निरोप धाडायला हवा होता की थांबा, मला दोष सापडलेला नाही. धाडला नाही. पडलो तरी नाक वर! तीनच्या आत करून टाकू म्हटलं. पुन्हा एअर काढायला घेतली आणि सगळा राग युनूसवर काढला.

एअर काढणं हे एकट्याचं काम नाही. एक जण सीटवर बसून पेडल मारतो, दुसरा खाली चाकामागचं निपल उघडतो आणि ऑइल, बुडबुडे नळीतून बाटलीत घेतो. मी खड्ड्यातून ओरडायचं — मार, धर, सोड. युनूसची खोड अशी की ‘धर’ म्हटलं की दोन सेकंद धरायचा आणि गप्पांच्या नादात पाय उचलायचा.

“तुझ्यामुळंच हवा आत शिरती!” मी खालून ओरडलो.

“व्हय व्हय, समदं माझ्यामुळंच. दुष्काळ बी माझ्यामुळंच पडला,” तो वरून म्हणाला.

मागची दोन चाकं झाली. तेवढ्यात रस्त्यावरून लष्कराचे ट्रक जायला लागले. एकामागून एक, पत्रे थरथरत होते. ते गेल्यावर मी पुढच्या चाकाला नळी लावली आणि ओरडलो, “मार!”

डोक्यावर पेडल वाजलं. टक, टक, टक.

“धर!”

धरलं. निपल उघडलं, ऑइल आलं, बंद केलं. युनूस गप्प होता. म्हटलं, रुसला असेल, बरंच झालं. काम मात्र असं नीट चाललं होतं की काय सांगू! डावं चाक झालं, उजव्याला आलो. शेवटचं निपल आवळून म्हणालो, “सोड.”

सोडलं नाही.

“सोड की रे!” काही नाही. “युनूस, कान फुटले का? सोड!” वर पाय तसाच रोवलेला. मला उगाचच अस्वस्थ वाटायला लागलं. खड्ड्यात उकडत होतं, घड्याळ पुढे पळत होतं, आणि हा पठ्ठ्या हलायला तयार नाही. मी बॅटरी वर धरली, हा कशात अडकलाय का ते बघायला… आणि उजव्या चाकाकडे ऑइल नेणारा रबरी होज, म्हणजे नळी, दिसला. एका जागी बेडकाच्या गळ्यासारखा फुगलेला. बघता बघता आणखी फुगत होता.

म्हणजे हवा नव्हतीच. होज आतून कुजला होता. पेडलचा सगळा जोर त्याला फुगवण्यात जात होता. कोणीतरी पेडल इतका वेळ दाबून धरल्याशिवाय ते दिसलंच नसतं.

“सापडलं रे!” मी ओरडलो.

आणि होज हळूच सैल पडला. पाय उचलला गेला.

मी मागच्या बाजूनं खड्ड्यातून वर आलो, हात पुसले. सीट रिकामी. आणि समोरून, रस्ता ओलांडून, डोक्यावर टोपी घातलेला युनूस येत होता.

“चल दत्तूशेठ, राह्यलेली दोन चाकं करू.”

“राह्यलेली कसली? झाली की. अन् सोड म्हनल्यावर सोडत का न्हाईस?”

“मी? आरं, मी जुम्याच्या नमाजाला गेल्तो. तुला वरडून सांगितलं की, ट्रक चालले हुते तवा.”

“मग पेडल कोन मारत हुतं?”

त्यानं माझ्या कपाळाला हात लावला. “दत्तू, ऊन लागलं का तुला?”

मी बाटली दाखवली. त्यानं बॉनेट उघडून ऑइलची डबी बघितली. जाताना त्यानंच काठोकाठ भरलेली, आता तळाला गेली होती. समोरच्या हॉटेलवाल्या अण्णांना विचारलं. ते सकाळपासून गल्ल्यावर. म्हणाले, युनूसला जाताना बघितलं, आत कुनी बी गेलं न्हाई.

तीनला साहेब आले. बाईसाहेब सोबत, मागे ट्रंक घेऊन ऑर्डर्ली. मी म्हणालो, गाडी द्यायची नाही. साहेब चिडले, “सकाळी ओके म्हणालास ना?” मी त्यांना वाकून होज बघायला लावला आणि युनूसला पेडल दाबायला सांगितलं. तिसऱ्या दाबाला होज फट्‌कन फुटला. ऑइलची चिळकांडी थेट साहेबांच्या बुटावर. बाईसाहेबांनी पोटावर हात ठेवला आणि रस्त्याकडे, घाटाच्या दिशेनं बघितलं.

नंतर मी सगळे प्रयोग करून पाहिले. निपल उघडं ठेवून, बंद ठेवून, डबी भरून, रिकामी करून. पेडल आपोआप खाली जात नाही, त्याला पाय लागतो. युनूसला मी पुढे तीस वर्षं, तो जाईपर्यंत, अधूनमधून विचारत राहिलो — तूच होतास ना? तो दर वेळी कानाला हात लावायचा. मला कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी शहाण्यानं सांगितलं तर ऐकीन.

पण मला छळतं ते वेगळंच. साहेब जीप मागवायला गेले तेव्हा बाईसाहेब माझ्यासमोर आल्या. डोळ्यांत पाणी. हात जोडून म्हणाल्या, “भाऊ, तुमच्यामुळं आमी वाचलो.” आणि मी, ज्यानं सकाळी ओके म्हणून निरोप धाडला होता, मान डोलावली. तो नमस्कार माझा नव्हता. ज्याचा होता त्याला तो कसा पोचवायचा, हे मला आजवर कळलेलं नाही.