शेंडे कुठलं पाणी प्यायला

ठेकेदाराने फौजेला फसवलं. फौजेतल्या एका अधिकाऱ्याने ते डोळ्यांनी बघितलं आणि तरी माल उतरवून घेतला. दोष मात्र लागला नाईक दिवाकर शेंडेला, कारण तो बोलायला उरला नव्हता.

आमची इंजिनिअर रेजिमेंटची एक तुकडी पुराच्या ड्यूटीवर सिरोंचाला आली होती. मी हवालदार, गाव वरोरा. शेंडे सिंदेवाहीकडचा, जातीचा ढिवर. चालायला लागला तेव्हापासून तलावात. तिसरा सॅपर गुरमीत, आमचा इंजिनवाला. तिघांची एक बोट. गोदावरी आणि प्राणहिता दोन्ही फुगलेल्या होत्या. पाऊस वर कुठेतरी पडत होता. सिरोंचात कडक ऊन होतं.

पुरात माणसं बुडून मरतात असं लोकांना वाटतं. पाण्यात बसून तहानेने आणि हगवणीने जास्त मरतात. म्हणून बोटीत दोर, लाइफ जॅकेट यांच्याइतकंच महत्त्व पिण्याच्या पाण्याच्या कॅनला. आमच्या बोटीत ते खातं शेंडेकडे होतं आणि त्याने आमचा जीव नकोसा केला होता. कॅन आधी ब्लीचिंग पावडरने धुवायचा, मग भरायचा. क्लोरीनची गोळी टाकली की अर्धा तास कोणी हात लावायचा नाही. कॅन उभाच ठेवायचा, फळीवर, दोराने बांधून. बोटीच्या तळाशी जे पाणी साचतं, गाळाचं, पेट्रोलचं, बुटांचं, त्याचा झाकणाला स्पर्श व्हायला नको. वरून ओलं पोतं. प्यायचा मग कॅनमध्ये बुडवायचा नाही, पाणी ओतूनच घ्यायचं. झाकण उघडलं की तो आधी नाक लावायचा. क्लोरीनचा वास आला तर पाणी जिवंत, नाही आला तर मेलेलं. गुरमीतने एकदा मग बुडवला, तर शेंडेने त्याच्या हातावर वल्हं ठेवून दिलं.

"ओए, हाथ तोड़ेगा?"

"हात धुतलाच नाई तं ठेवून काय करतं?"

जुने कॅन पुरेनात म्हणून स्थानिक खरेदी झाली. ठेकेदाराने नमुना दाखवला तेव्हा मी हजर होतो. चांगला जाड कॅन, झाकणात रबरी वॉशर. मी बारा वर्षांचा असल्यापासून वरोऱ्याच्या कापूस बाजारात हमाली केली आहे. तिथे सौदा नमुन्यावर ठरतो आणि मालावर मोडतो. ट्रक आला, तेव्हा मी पहिलाच कॅन भरला, झाकण लावलं आणि ठेकेदाराच्या मोटरसायकलच्या सीटवर उलटा ठेवला. पाणी धारेने गळलं. झाकणं उघडून बघितली. एकातही वॉशर नव्हता.

"रबर कुठी आहे बे?"

"हवालदार साहेब, तुमी गरम काऊन होऊन राह्यले? पाणी ठेवाचं आहे, दूध नाई."

"गळते तं शिरते बी. नावेच्या तळाचं पाणी तू पितं का? पी. मी भरून आणतो."

मी त्याची कॉलर धरली. तेवढ्यात खरेदी बघणारे अधिकारी आले. त्यांनी कॅन बघितला, ओली सीट बघितली, झाकणात बोट फिरवलं. मला म्हणाले, "हवालदार, पानी चढ़ रहा है. उतारो."

"साहब, वॉशर नहीं है."

"देख लिया. उतारो."

ठेकेदाराखेरीज हे शब्द मी आणि मागे उभ्या असलेल्या शेंडेने ऐकले. आता सांगणारा मी एकटा आहे.

शेंडे भांडला नाही. बाजारात गेला, सायकलवाल्याकडून फाटक्या ट्यूब घेतल्या आणि कात्रीने गोल वॉशर कापत बसला. ट्यूब संपल्या तेव्हा आमच्या बोटीतल्या निम्म्याच झाकणांना रबर बसलं होतं. दुकानं बंद होत होती, लोक सामान घेऊन उंचावर पळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. नदीकाठची एक वस्ती तुटली होती. काही माणसं शाळेच्या स्लॅबवर, काही घरांच्या छपरांवर. वस्ती दिसायला लागली तेव्हा वाहत आलेलं अख्खं झाड बोटीच्या मागच्या अंगाला धडकलं. इंजिन उखडून गेलं, पेट्रोलची टाकीही गेली. बोट आडवी झाली, पाणी आत आलं, फळी मोडली आणि कॅन तळाच्या गढूळ पाण्यात लोळायला लागले. शेंडेने वल्ह्याने बोट शाळेला लावली. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर आम्ही तेलंगणात निघालो असतो.

मी वायरलेस सेटवर गेलो.

"कंट्रोल, बोट टू. इंजिन गॉन. क्रू सेफ. शाळेवर आहोत. ओव्हर."

"बोट टू, आज दुसरी बोट नाही. वाट बघा. पाण्याची स्थिती? ओव्हर."

"कमी. ओव्हर."

"तुम्हाला नवे कॅन दिले आहेत. ओव्हर."

मी सेट खाली ठेवला. जे तोंडात आलं होतं ते वायरलेसवर बोलता येत नाही.

शेंडे एकेक झाकण उघडून नाक लावत होता. ट्यूबवाल्या कॅनला वास होता. बाकीच्यांना नव्हता, तळाची घाण आत गेली होती. गोळ्यांचा डबा बोटीत फुटून विरघळला होता. पाणी उकळायला स्लॅबवर कोरडी काडी नव्हती. त्याने वास असलेले सगळे कॅन वर दिले, बाकीचे बोटीतच राहिले.

"हे वरच्या लोकायले. भाऊ, तू वाटजो. गुरमीतले देऊ नको वाटाले, थो मग बुडवते."

"आणि तुले?"

"मी येतोच ना खाली-वर."

पण तो वर आला नाही. छपरांवरची माणसं आणायची होती. इंजिन नाही, धार जोराची, आणि वल्ह्यावर बोट धरणं आमच्यात त्यालाच जमत होतं. मी वर पाणी वाटत होतो, गुरमीत दोर सांभाळत होता. एका छपरावर पोसक्का नावाची म्हातारी बकरीशिवाय यायला तयार नव्हती. तिला मराठी येत नव्हती, शेंडेला तेलुगू येत नव्हती. अर्धा तास दोघं आपापल्या भाषेत भांडले. शेवटी बकरी आधी बोटीत आली, मग म्हातारी. वर आल्याबरोबर ती म्हणाली, "नीळ्ळु." पाणी. मी चांगल्या कॅनमधून ओतलं. तिने बकरीलाही मागितलं. मी नाही म्हटलं. तिने मला शिव्या दिल्या, त्या कळायला तेलुगू यावी लागत नाही.

दिवसभर ऊन होतं. शेंडेच्या फेऱ्या चालू होत्या. सगळी माणसं स्लॅबवर आली, तेव्हा तो वर चढला आणि माझ्याजवळ बसला.

"भाऊ, सांगून ठेवतो. दुपारी मी त्या वास नसलेल्या कॅनातलं पाणी पेलो."

"काऊन? हाक मारली असती तं खाली टाकलं असतं."

"बाई आणि दोन लेकरं होती नावेत. भर धारेत होतो. डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली होती. वल्हं सुटलं असतं तं सगळे गेलो असतो." मग म्हणाला, "काई झालं तं डॉक्टरले सांगजो. लपवू नको."

पहाटेपासून त्याला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. आम्ही लोकांच्या गाठोड्यातलं मीठ-साखर घालून चांगलं पाणी पाजत राहिलो. पोटात थांबत नव्हतं. पोसक्का त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बोट आली तेव्हा तो बोलत नव्हता. दवाखान्यात पोचण्याआधी गेला. स्लॅबवरचं दुसरं कोणीही आजारी पडलं नाही.

डॉक्टरने विचारलं, मी सांगितलं. चौकशीत विचारलं, तिथेही तेच सांगितलं. झाकणांचं सांगितलं, ट्यूबचं सांगितलं, "उतारो" सांगितलं. निकालात माझ्या साक्षीतलं एकच वाक्य घेतलं: नाईक शेंडेने पाणी असुरक्षित आहे हे माहीत असून प्यायलं, वॉटर डिसिप्लिन मोडली, मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. खरं बोल असं तो म्हणाला होता. ते खरं त्याच्याच गळ्यात बांधलं.

मी अर्ज केले. उत्तर आलं, प्रकरण बंद आहे. रिटायर झालो, वरोऱ्यात नळ आणि टाक्यांचं दुकान टाकलं. वॉशर नसलेला माल आला की मी पुरवणाऱ्याला परत करतो, तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, शेट, एवढं काय भांडता? मी म्हणतो, अजून भांडलोच नाही.

मागच्या वर्षी सिंदेवाहीकडे गेलो. शेंडेची आई ओसरीत जाळं विणत होती. म्हणाली, "भाऊ, लोक म्हणतेत, तुह्या पोरानं फौजेचा नियम मोडला म्हणून मेला. थो तं घरी मलेच माठात हात घालू द्याचा नाई. खरं सांग, मोडला का त्यानं?"

मी तिला सगळं सांगितलं. पण माझ्या सांगण्याने कागदावरचं वाक्य पुसत नाही.

नाईक दिवाकर शेंडेने शेवटच्या दिवशी छपरांवरून आणलेली सगळी माणसं जिवंत आहेत. पोसक्काने त्या नदीकडच्या आपल्या वस्तीत त्याच्या नावाने एक दगड मांडला आहे आणि त्यावर रोज तांब्याभर स्वच्छ पाणी घालते. तिथे त्याचं नाव कोणी खराब केलेलं नाही.

ज्या अधिकाऱ्याने झाकणात बोट फिरवून माल उतरवायला सांगितला, तो जिवंत आहे. त्याने सिंदेवाहीकडच्या त्या ओसरीत यावं, शेंडेच्या आईसमोर जमिनीवर बसावं आणि तिला सांगावं: भर धारेत, बाई आणि लेकरं बोटीत असताना, तिच्या मुलाने काय प्यायला हवं होतं?